इंग्रजी लिसनिंग: शेवटचा भाव ऐका



एक्स्पोर्टच्या व्हिडिओनंतर दोन प्रकारचे प्रश्न आले. द्राक्ष-डाळिंबवाल्यांनी विचारलं, "सर, खरेदीदार फोनवर पाच-सहा मिनिटं इंग्रजीत बोलतो. ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं, पण फोन ठेवल्यावर नेमकं काय ठरलं तेच सांगता येत नाही." दुसरे होते बाहेर शिकायला किंवा नोकरीला जायची तयारी करणारे. त्यांचं म्हणणं, "आयईएलटीएसचं रीडिंग जमतं, पण लिसनिंगमधले लांब संवाद डोक्यावरून जातात."

मला हे दोन्ही प्रश्न एकच वाटतात, म्हणून उत्तरही एकत्रच देतो. परीक्षेपासून सुरुवात करू, कारण तिथे नियम ठरलेले आहेत.

आयईएलटीएसचं लिसनिंग साधारण ३० मिनिटांचं. भाग ४, प्रश्न ४०, प्रत्येक भागात १०. पहिल्या भागात दोन माणसांचं रोजच्या व्यवहारातलं बोलणं असतं: खोली भाड्यानं घेणं, बुकिंग करणं, चौकशी. तिसऱ्या भागात शिक्षणाशी संबंधित चर्चा, त्यात कधी तीन-चार जणही बोलतात. दुसऱ्या आणि चौथ्या भागात एकच माणूस बोलतो. म्हणजे निम्मी परीक्षा संवादाची आहे. आणि रेकॉर्डिंग एकदाच वाजतं. "पुन्हा सांगा ना" म्हणायची सोय नाही. ४० पैकी साधारण २३ बरोबर आले तर ६ बँड, ३० आले तर ७. फी थोडीथोडकी नाही, म्हणजे एका खेपेला किती कांदा विकावा लागतो याचा हिशोब ज्यानं त्यानं करावा. संगणकावरच्या परीक्षेत एकच विभाग ६० दिवसांच्या आत पुन्हा देता येतो, पण तो निकाल सगळीकडे चालत नाही. आपण जिथे अर्ज करणार तिथे आधी विचारून घ्या.

आता मुद्दा. यूट्यूबवर शंभर जण सांगतात, "कीवर्ड पकडा." माझ्या मते लांब संवादासाठी हा सल्ला निम्मा घातक आहे. पेपर काढणाऱ्याला माहीत असतं की तुम्ही शब्द पकडायला टपून बसलाय. म्हणून तो चुकीच्या उत्तरांचे शब्द मुद्दाम आधी, मोठ्यानं, स्पष्ट वाजवतो. तुम्ही लिहून मोकळे होता, आणि तेवढ्यात बोलणारा मत बदलतो.

हे समजायला सटाण्याच्या माणसाला इंग्रजी क्लास लागत नाही. मार्केट यार्डात कांद्याच्या लिलावाला उभे राहा. ट्रॅक्टरवर बोली सुरू होते. समजा २,१०० वरून निघाली, २,१५० झाली, मध्येच कोणीतरी थट्टेत ३,००० ओरडला, मग २,२०० ला थोडी थबकली आणि २,२४० ला सुटली. पावतीवर काय येतं? २,२४०. आधीचे सगळे आकडे कानावर पडलेले असतात, पण शेतकरी घरी जाऊन ते सांगत नाही. त्याचं लक्ष आकड्यावर नसतंच, सौदा कुठे सुटतो यावर असतं. इंग्रजी संवादात हाच कान लावायचा आहे.

एक नमुना बघा, मीच बनवलेला. एक बाई ट्रेनिंगसाठी हॉल बुक करायला फोन करते.

"आय नीड अ रूम फॉर ट्यूसडे, फॉर ट्वेल्व्ह पीपल."
"ट्यूसडे इज फुली बुक्ड. वी हॅव वेन्सडे मॉर्निंग."
"वेन्सडे वुड बी परफेक्ट, बट माय पार्टनर इज अवे. हाऊ अबाउट थर्सडे?"
"थर्सडे आफ्टरनून इज फ्री. इट्स नाइन्टी पाउंड्स, इन्क्लुडिंग लंच."
"वुई विल ब्रिंग अवर ओन फूड."
"इन दॅट केस, सिक्स्टी-फाइव्ह."
"फाइन. ओह, मेक इट फोर्टीन पीपल, आय फर्गॉट द टू ट्रेनर्स."

प्रश्न तीन: वार कोणता, माणसं किती, पैसे किती. उत्तरं: गुरुवार, १४, ६५ पाउंड. पण घाईत लिहिणाऱ्याच्या कागदावर बुधवार, १२ आणि ९० असतात. बुधवार का? तर "परफेक्ट" ऐकलं. त्याच्या आधीचं "वुड बी" निसटलं. "बुधवार बरा झाला असता" असं मराठीत कोणी म्हणालं की आपण आपोआप पुढच्या "पण"ची वाट बघतो. इंग्रजीत मात्र "परफेक्ट" ऐकून खूश होतो! "आय वॉज गोइंग टू टेक द बस" हेही तसंच. "मी बसनं जाणार होतो" म्हणजे गेलो नाही. हे आपल्या भाषेत आपल्याला पक्कं माहीत आहे, फक्त इंग्रजी ऐकताना ते वापरायची सवय नाही.

तर बोलणं वळण घेतं त्या जागा ओळखायला शिका. "बट", "ॲक्चुअली", "ओह, सॉरी", "इन दॅट केस", "ऑन सेकंड थॉट", "मेक इट". यातलं काही ऐकलं की पेन्सिलीनं लिहिलेलं अजून पक्कं नाही असं समजा. आणि "फाइन", "राइट, लेट्स डू दॅट", "दॅट्स सेटल्ड देन" असं काही आलं की सौदा सुटला. तेव्हा पक्कं लिहा.

दुसरी गंमत नकाराची. "डू यू माइंड इफ आय ओपन द विंडो?" याला उत्तर येतं, "नॉट ॲट ऑल." आपल्या कानाला "नॉट" लागतो आणि वाटतं नाही म्हणाला. तो तर "खुशाल उघड" म्हणतोय. "आय कुडन्ट अग्री मोअर" म्हणजे शंभर टक्के मान्य. तिसऱ्या भागात, जिथे विद्यार्थी प्रोजेक्टवर बोलत असतात आणि शिक्षक मध्ये मध्ये टोकतो, तिथे असल्या वाक्यांवरच प्रश्न असतात. "दोघांनी काय ठरवलं?" असं विचारलं असेल तर एकानं सुचवलं म्हणून उत्तर होत नाही, दुसऱ्याचा होकार यावा लागतो. यासाठी कागदाच्या कडेला आवाजांची पहिली अक्षरं लिहून ठेवा आणि त्यापुढे बरोबर किंवा फुलीची खूण करत जा. वाक्यं लिहीत बसू नका, तेवढ्यात पुढची दोन निघून जातात.

रेकॉर्डिंग सुरू व्हायच्या आधी प्रश्न वाचायला थोडा वेळ मिळतो. तो सोन्याचा आहे. प्रत्येक रिकाम्या जागेत काय येणार त्याचा अंदाज बांधा: वार, रक्कम, नाव, वस्तू? प्रश्नातले शब्द जसेच्या तसे ऐकू येतील ही अपेक्षा सोडा. कागदावर "फ्री ऑफ चार्ज" असेल, तर कानावर "यू डोन्ट पे एनीथिंग" पडेल. प्रश्न मात्र बोलण्याच्या क्रमानंच येतात, हा मोठा आधार आहे. एक सुटला तर सोडून द्या आणि पुढच्यावर या. सुटलेल्याचा शोक करत बसलं की एकामागं तीन जातात. संगणकावर उत्तरं तिथेच टाइप करायची असतात आणि शेवटी तपासायला २ मिनिटं मिळतात. स्पेलिंग चुकलं तर गुण जातो, दिलेल्या मर्यादेपेक्षा एक शब्द जास्त लिहिला तरी जातो.

आकडे आणि स्पेलिंगचं थोडक्यात सांगतो. "थर्टीन"मध्ये जोर शेवटी पडतो, "थर्टी"मध्ये सुरुवातीला. फोन नंबरात शून्याला "ओ" म्हणतात. मराठी माध्यमातल्यांचा "जी" आणि "जे"मध्ये गोंधळ होतो, तो आठवडाभर नावं स्पेलिंगसकट लिहून घेतली की जातो.

परदेशात जायचं असलेल्या नर्सताईंनी ओईटी ही परीक्षा माहीत करून घ्यावी. त्यात लिसनिंगच्या ४२ पैकी २४ प्रश्न पेशंट आणि आरोग्यसेवकाच्या दोन लांब संभाषणांवर असतात. वळण ओळखायची युक्ती तिथेही तीच. पेशंट आधी "दोन आठवडे दुखतंय" म्हणतो आणि मग "नाही, खरं तर दिवाळीपासून" म्हणतो, हे तर आपल्या दवाखान्यातही रोजचंच.

आता धंद्याकडे. आपला कसमादे पट्टा, त्यात बागलाणची पूर्वहंगामी द्राक्षं. माल लवकर तयार होतो, म्हणून खरेदीदाराचे फोनही लवकर सुरू होतात. समजा तो म्हणाला, "वुई आर लुकिंग ॲट टू कंटेनर्स." तुमचं मन तिथेच हिशोबाला लागतं: मजूर, पॅकिंग, गाडी. तो पुढे म्हणतो, "लेट्स स्टार्ट विथ वन, अँड डिपेंडिंग ऑन अरायव्हल क्वालिटी, वुई विल टॉक अबाउट द सेकंड." ठरलं काय? एक कंटेनर. दुसरा अटीवर, आणि अट माल तिकडे पोहोचल्यावरच्या दर्जाची. दोन कंटेनरचं पॅकिंग मटेरियल उचलून बसलात तर पैसा तुमचा अडकला, त्याचं काही गेलं नाही. दर बोलताना "एफओबी" म्हणाला की "सीआयएफ", हेही नीट ऐका. पहिल्यात जहाजावर माल चढेपर्यंतचा खर्च तुमचा, दुसऱ्यात समुद्राचं भाडं आणि विमाही तुमच्याच दरात धरलेला. तीन अक्षरं चुकीची ऐकली तर अख्खा नफा त्यात जाऊ शकतो.

आणि "साउंड्स इंटरेस्टिंग" किंवा "आय सी" म्हणजे ऑर्डर नाही. आपल्याकडचं "बघू" कसं असतं, तसंच ते.

बरेच जण म्हणतात, सर, आमचा कान इंग्रजीचा नाही. मला हे पटत नाही. तुम्ही घरात आहिराणीत "माले-तुले" करता, शाळेत मराठी शिकलात, मालेगावच्या व्यापाऱ्याशी हिंदीत भाव करता. एका दिवसात तीन भाषांत कान फिरवणाऱ्याला चौथी ऐकणं अवघड नाही. सराव मात्र योग्य हवा. बातम्या ऐकून संवादाचा सराव होत नाही, तिथे एकच माणूस वाचत असतो. बीबीसीचं "सिक्स मिनिट इंग्लिश" ऐका, त्यात दोघं गप्पा मारतात आणि लेखी संवादही मिळतो. केंब्रिजच्या सराव पुस्तकांत मागे संवाद छापलेले असतात. ब्रिटिश कौन्सिल आणि आयडीपीच्या साइटवर फुकट नमुने आहेत.

एक रेकॉर्डिंग तीनदा वापरा. पहिल्यांदा परीक्षेसारखं, न थांबवता. दुसऱ्यांदा फक्त वळणं मोजा: किती वेळा मत बदललं, कोणी बदललं, कुठे ठरलं. तिसऱ्यांदा छापलेला संवाद समोर ठेवून स्वतः मोठ्यानं बोला. पाच नवीन रेकॉर्डिंग एकेकदा ऐकण्यापेक्षा हे जास्त कामाचं. सोबतीला कोणी असेल तर दोघांनी मिळून एक खोटा सौदा इंग्रजीत करा, तिसऱ्यानं फक्त शेवटचे आकडे लिहावेत. मोडकंतोडकं इंग्रजी चालेल.

परीक्षेत नसलेली एक सोय धंद्यात आहे, ती वापरा. बोलता बोलताच विचारा, "सो, वन कंटेनर फॉर नाऊ, राइट?" यात कमीपणा काही नाही, समोरच्याला उलट बरं वाटतं. आणि फोन ठेवल्यावर दहा मिनिटांत व्हॉट्सॲप किंवा मेलवर चार ओळी पाठवा: कंटेनर किती, व्हरायटी आणि बॉक्सचं वजन, दर एफओबी की सीआयएफ, माल निघायची तारीख. त्याचं "कन्फर्म्ड" आल्याशिवाय पॅकिंग मटेरियल उचलू नका. एखादी ओळ बदलून आली, तर प्रोफॉर्मा इन्व्हॉइस त्या बदललेल्या ओळीप्रमाणे करा.