डोंगर आणि नदी

नदीतले गोटे गुळगुळीत का असतात? ते मुळात डोंगराच्या खडकाचे तुकडे असतात. उन्हापावसाने खडक फुटतो. त्याचे तुकडे व माती उतारावरून नदीत येतात. प्रवाहात दगड एकमेकांवर घासून गुळगुळीत होतात. निघोजजवळ कुकडी नदीने अशाच गोट्यांनी कठीण खडकात रांजणासारखे खळगे कोरले आहेत. सपाट प्रदेशात प्रवाह मंदावतो आणि गाळ साचतो. त्यावर शेते पिकतात.

हे काम सावकाश चालते. पण कधी कधी अतिवृष्टीने भिजून जड झालेला उतार एकदम कोसळतो. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गावातली घरे अशीच गाडली गेली. दीडशेहून अधिक माणसे मरण पावली. म्हणून पावसाळ्यात डोंगराला भेगा पडल्या, झाडे कलली किंवा झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झाले, तर सर्वांना सावध करून तेथून ताबडतोब दूर जावे.