फुनाकोशी गुरुजींच्या तऱ्हा

आधुनिक कराटेचे जनक मानले जाणारे गिचिन फुनाकोशी (१८६८–१९५७) यांच्या सवयी पाहून त्यांचे तरुण शिष्य चकित होत. त्या सवयींचे मूळ त्यांच्या घडणीत होते. ओकिनावा बेटावरील शुरी येथे एका लहानशा सामुराई घराण्यात ते जन्मले. डोक्यावरचा केसांचा बुचडा ही अशा घराण्यांची मानाची खूण. मेजी राजवटीने बुचड्याची प्रथा बंद केली, पण फुनाकोशींच्या घरच्यांना ते मान्य नव्हते. त्या बुचड्यापायी त्यांना वैद्यकीय शिक्षणावर पाणी सोडावे लागले. १८८८ मध्ये शाळेत शिक्षक म्हणून रुजू होताना त्यांनी तो कापला, तेव्हा वडील संतापले आणि आई मागच्या दाराने थेट माहेरी निघून गेली.

बुचडा गेला, तरी केसांचे महत्त्व गेले नाही. उतारवयातही सकाळी उठल्यावर केस विंचरण्यात त्यांचा कधी कधी तासभर जाई. सामुराईने सदैव नीटनेटके राहावे, असे ते म्हणत. मग टोकियोच्या राजवाड्याच्या दिशेला वाकून नमस्कार, तसाच दुसरा ओकिनावाच्या दिशेला, आणि त्यानंतरच चहाचा पहिला घोट. ते स्वयंपाकघरात पाऊल ठेवत नसत. पायमोजे किंवा शौचाचा कागद यांची नावेही तोंडातून काढत नसत. जुन्या शिष्टाचारात असे शब्द उच्चारणे असभ्य होते.

सरावाच्या बाबतीत ते तितकेच हट्टी होते. तरुणपणी, ओकिनावात वादळ घोंघावत असताना, ते केवळ लंगोट लावून छपरावर चढले. हातात तातामी, म्हणजे जमिनीवर अंथरायची जाड चटई, धरून ते वाऱ्याला तोंड देत उभे राहिले. वाऱ्याने खाली चिखलात फेकले, की पुन्हा वर. पाय किती घट्ट रोवता येतात, हे त्यांना पाहायचे होते. गुरू आझातो यांच्या अंगणात रात्री एकच काता, म्हणजे ठरावीक हालचालींची मालिका, महिनोन्महिने करून त्यांची चिकाटी मुरली होती. तेक्की नावाच्या तीन काता शिकण्यात त्यांची दहा वर्षे गेली.

१९२२ मध्ये कराटेच्या प्रात्यक्षिकासाठी ते टोकियोला आले आणि तिथेच राहिले. ओकिनावाच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या मेइसेई-जुकु वसतिगृहात ते झाडलोट आणि राखण करत. आचाऱ्याला कराटे शिकवून त्या बदल्यात जेवणाच्या पैशांत सवलत घेत. एकदा ते अंगण झाडत असताना एका वार्ताहराने त्यांनाच विचारले, फुनाकोशी कुठे भेटतील? थोडे थांबा, असे सांगून ते आत धावले आणि ठेवणीतला किमोनो घालून भेटायला आले. समोरचे गृहस्थ म्हणजे मघाचाच झाडूवाला, हे ध्यानात येताच तो वार्ताहर थक्क झाला.

अंगी बळ असून ते न दाखवणे, ही त्यांची सर्वांत विलक्षण सवय. ओकिनावात रस्त्यात अडवणाऱ्या दरोडेखोरांशी न लढता त्यांनी देवासाठी घेतलेली मिठाई देऊन टाकली. आझातो आणि इतोसू या दोन्ही गुरूंनी त्यांची पाठ थोपटली. आता देवापुढे काय ठेवणार, असे विचारल्यावर फुनाकोशींनी प्रार्थनेचे नाव घेतले. कराटेत पहिला वार आपला नसतो, हे त्यांचे सूत्र कामाकुरातील एन्गाकुजी मंदिरात १९६८ मध्ये उभारलेल्या स्मारकशिळेवर कोरलेले आहे.