तांबड्या दगडाची ठेव

चेन्नईतील पेरुंगुडी म्हणजे संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती आणि शेजारची पल्लीकरणईची पाणथळ. नोकरीनिमित्त येथे स्थिरावलेल्या कोकणी माणसाला गावाकडचा जांभा दगड आठवावा, असे येथे वरकरणी काहीच नाही. मात्र पश्चिमेला काही किलोमीटरवरच्या पल्लावरम येथे जांभ्याच्याच जातीची तांबडी मुरमाड जमीन आहे. ३० मे १८६३ रोजी भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांना तेथील मुरमाच्या खड्ड्यात अश्मयुगीन मानवाने घडविलेले दगडी हत्यार सापडले आणि भारताच्या प्रागितिहासाच्या अभ्यासाचा पाया घातला गेला.

जांभ्याच्या शास्त्रीय नावाचा धागाही याच शहराशी जुळतो. १८०० साली मद्रासहून प्रवासास निघालेल्या फ्रान्सिस बुकानन यांनी मलबारात लोक जमिनीतून मऊ दगडाच्या विटा कापताना पाहिले. १८०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तात त्यांनी, विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून, त्या दगडाला 'लॅटेराइट' हे नाव दिले.

उष्ण हवामान आणि मुसळधार पाऊस ही जांभ्याची जन्मकथा. पाणी मूळ खडकातील चुना, पोटॅश व सिलिका धुऊन नेते. लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरतात. लोहाच्या गंजाने माती तांबडी होते. जमिनीत ओला असताना हा दगड सहज कापला जातो आणि उघड्यावर वाळला की कठीण होतो. कोकणातील घरांच्या भिंती आणि विहिरींचे कठडे या चिऱ्यांवरच उभे आहेत. कातळात खड्डे खोदून, बाहेरची माती भरून हापूसच्या बागाही फुलविल्या गेल्या.

याच सड्यांवर आदिमानवाने कातळशिल्पे कोरली. उक्षी, कशेळी, बारसू, कुडोपी आदी ठिकाणची शिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समाविष्ट झाली. परंतु चिरेखाणीचे यंत्र एकदा सड्यावर फिरले की शिल्प परत येत नाही. पावसाचे पाणी मुरवून पायथ्याच्या झऱ्यांना पुरविणारा सच्छिद्र थरही नाहीसा होतो.

पल्लावरमच्या मुरमाने एक हत्यार जपले, कोकणच्या सड्याने शेकडो चित्रे. निसर्गाने लाखो वर्षांत साठविलेली ही ठेव आहे. घरासाठी चिरा हवाच. पण कोठे खणावे आणि कोठे हात आवरावा, याचा विचार खाण सुरू होण्यापूर्वी व्हायला हवा. व्याजावर संसार चालविणारा मनुष्य मुद्दलाला सहसा हात लावत नाही!