स्वस्त हत्यारं, भरवशाचं काम

आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना वाक्यं जशी आली तशीच बरीचशी ठेवली आहेत. ऐकताना आकडे निसटतात, म्हणून ते तेवढे सविस्तर लिहिले आहेत.

विषय आहे स्वस्त हत्यारांचा. आयटीआयमधून नुकताच बाहेर पडलेला मुलगा, मागच्या पडवीत सुतारकाम सुरू करणारा माणूस, गावात ग्रिल-गेटची कामं घेणारा वेल्डर, यांच्यापैकी कुणाकडेच पहिल्या दिवशी भारी हत्यारांना पैसे नसतात. मग सल्ले देणारे दोन टोकांची बोलतात. एक म्हणतो, "स्वस्तातलं घेऊच नका, महिन्यात भंगारात जातं." दुसरा म्हणतो, "अहो, सगळं एकच असतं, फक्त स्टिकर वेगळा." पहिल्याचं ऐकलं तर काम सुरूच होत नाही. दुसऱ्याचं ऐकलं तर कधी गिऱ्हाईक जातं, कधी बोट जातं.

माझं म्हणणं असं आहे की स्वस्त हत्यार हे बऱ्याचदा अर्धवट राहिलेलं हत्यार असतं. किंमत खाली आणायची तर बनवणारा तीन ठिकाणी हात आखडता घेतो. पहिलं ठिकाण शेवटची सफाई: घासणं, धार लावणं, ग्रीस भरणं, स्क्रू आवळणं. दुसरं ठिकाण तपासणी: प्रत्येक नग मापात आहे का हे बघणं. आणि तिसरं म्हणजे माल: पोलाद, त्या पोलादाला दिलेलं पाणी, ओतकाम, वायरीचं इन्सुलेशन. यातली पहिली दोन कामं आपण घरी पुरी करू शकतो. तिसरं नाही करू शकत. कुठली उणीव कुठल्या खात्यातली आहे हे ओळखता आलं, की स्वस्त हत्यारावर विसंबता येतं.

तपासणीपासून सुरुवात करू, कारण तिला पैसे लागत नाहीत.

गुण्या आणि वर्निअर

"नाचता येईना, अंगण वाकडं" असं आपण म्हणतो. पण बघा, कधीकधी अंगण खरंच वाकडं असतं! ते तपासायचं हत्यार म्हणजे गुण्या, आणि तोच वाकडा निघाला तर पुढचं सगळं वाकडं.

प्लायचा तुकडा घ्या, ज्याची एक कड खात्रीने सरळ आहे असा. गुण्याचा दांडा त्या कडेला टेकवा आणि टोकदार पेन्सिलीने पात्याच्या कडेने रेघ मारा. आता गुण्या पालथा करा, म्हणजे दांडा उलट्या बाजूला जाईल, आणि पहिल्या रेघेच्या सुरुवातीपासूनच दुसरी रेघ मारा. दोन्ही रेघा एकावर एक बसल्या तर गुण्या काटकोनात आहे. वर जाताना फाकल्या, तर जेवढी फाक दिसते त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे. पालथा केल्यामुळे चूक दुप्पट होऊन दिसते, म्हणून ही युक्ती साध्या डोळ्यालाही पुरते.

समजा ३०० मिलिमीटरवर रेघा २ मिलिमीटर फाकल्या. म्हणजे गुण्या १ मिलिमीटरने चुकतोय. ऐकायला किरकोळ वाटतं. पण याच गुण्यावर सात फुटी कपाट उभं केलं तर वरच्या टोकाला ती चूक ७ मिलिमीटर होते. दार काही केल्या बसत नाही, आणि सुतार मात्र बिजागऱ्यांना शिव्या घालत बसतो.

एकसंध पत्र्याचा, इंग्रजी 'एल' आकाराचा गुण्या असेल तर तो दुरुस्तही होतो. कोन काटकोनापेक्षा कमी असेल तर आतल्या कोपऱ्याजवळ सेंटर पंच ठेवून हलका ठोका द्या. तिथला धातू पसरतो आणि कोन उघडतो. कोन जास्त असेल तर बाहेरच्या कोपऱ्याजवळ ठोका द्या, कोन मिटतो. एक ठोका, परत रेघा, परत ठोका. घाई करायची नाही.

आता वर्निअर. जबडे मिटवून उजेडासमोर धरा. फटीतून उजेड दिसायला नको आणि शून्याला शून्य जुळायला हवं. पण एवढ्यावर भागत नाही. डिजिटलमध्ये तर बटण दाबलं की शून्य येतंच, त्यामुळे तो शून्य काहीच सिद्ध करत नाही. आपल्याला खात्रीचं एखादं माप हवं. प्रमाणित गेज ब्लॉक महाग असतात. मात्र एक अचूक वस्तू प्रत्येक हार्डवेअरच्या गल्लीत मिळते, ती म्हणजे बॉल बेअरिंग. सीलिंग फॅनमध्ये सर्रास असतं ते ६२०२ नंबरचं घ्या. त्याचा बाहेरचा व्यास ३५ मिलिमीटर आणि आतलं भोक १५ मिलिमीटर. जोडीला ६०८ नंबरचं छोटं घ्या: बाहेरून २२, आतून ८. नामवंत कंपनीच्या नव्या बेअरिंगच्या बाहेरच्या व्यासात फरक असतो तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास. आपला वर्निअर वाचतोच मुळी ०.०२ पर्यंत, म्हणजे घरच्या तपासणीला हे भरपूर झालं. फक्त बेअरिंगच्या जाडीवर भरवसा ठेवू नका, तिला जास्त सूट दिलेली असते.

तेच माप जबड्याच्या मुळाशी घ्या, मग टोकाशी घ्या. दोन्हीकडे वेगळं आलं तर सरकता जबडा डगमगतोय. वरच्या पट्टीजवळचे दोन बारीक स्क्रू अंदाज घेत किंचित आवळा. वर्निअर दर वेळी ३५.०६ दाखवत असेल, तरीही तो निरुपयोगी नाही. २२ वर आणि ३५ वर किती जास्त दाखवतो ते डबीच्या झाकणावर लिहून ठेवा. ठरलेली चूक वजा करता येते. दर वेळी बदलणारी चूक मात्र चालणार नाही.

पटाशी: सफाई आपली, पोलाद त्यांचं

नवी स्वस्त पटाशी लाकडावर चालत नाही, याचं कारण बहुतेक वेळा पाठ. धार म्हणजे दोन पृष्ठभाग जिथे भेटतात ती रेघ. उताराची बाजू कितीही घासली आणि पाठीवर कारखान्यातले चरे तसेच राहिले, तर धार चऱ्यांसारखीच दातेरी राहणार.

जाड काचेच्या तुकड्यावर वॉटर पेपर पाण्याने चिकटवा. २२० नंबरपासून सुरू करून ४००, ८००, १००० असे चढत जा. पूर्ण पाठ घासायची गरज नाही, धारेजवळचे २०-२५ मिलिमीटर सपाट आणि चकचकीत झाले की बास. मग उतार २५ अंशांवर घासा आणि अगदी शेवटची धार ३० अंशांवर. पाठीकडून बोट फिरवल्यावर बारीक खरखर लागली, म्हणजे धार टोकापर्यंत पोचली. ती खरखर पाठ सपाट ठेवून हलक्या हाताने काढायची.

चाकावर घासत असाल तर पाण्याचं भांडं शेजारी हवंच. पोलाद साधारण ३०० अंश सेल्सिअसला निळं दिसायला लागतं. पटाशीच्या साध्या पोलादाला तो रंग दिसला की तेवढ्या भागाचं पाणी उतरलं. आपले लोहार हे सगळं रंगावरूनच ओळखत आलेत.

नव्या पटाशीची धार पहिल्याच दिवशी तुटली तर लगेच फेकू नका. कारखान्यात घाईने घासताना टोक तापलेलं असू शकतं. दोन-तीन मिलिमीटर घासून मागे जा, आत चांगलं पोलाद असू शकतं. त्यानंतरही धार वळत असेल, आणि कानस तिच्यावर घसरण्याऐवजी सहज चावत असेल, तर मात्र ते तिसऱ्या खात्यातलं दुखणं आहे. ती पटाशी रंग खरवडायला ठेवा. तिच्यावर आणखी वेळ घालवू नका.

ड्रिल: बिट जळतं ते कशामुळे?

"बिट डुप्लिकेट निघालं हो, एका भोकात जळालं." हे वाक्य दुकानात रोज ऐकू येतं. कधी खरंही असतं. पण आधी हिशेब करा. साध्या लोखंडाला हायस्पीड स्टीलचं बिट मिनिटाला साधारण २५ मीटर वेगाने कापायला हवं. म्हणजे ६ मिलिमीटरच्या बिटाला मिनिटाला सुमारे १३०० फेरे, आणि १० मिलिमीटरच्या बिटाला फक्त ८००. आपलं हातातलं छोटं ड्रिल मोकळं फिरताना २५०० च्या वर जातं. त्यावर १० चं बिट लावून बटण पूर्ण दाबलं, तर बिटाची कड तिप्पट वेगाने घासते. मग भारीतलं बिटही काळं पडणार.

तेव्हा वेग कमी-जास्त होणारं ड्रिल घ्या, हा एक खर्च करण्याजोगा आहे. भोकाच्या जागी सेंटर पंच मारा. आधी ३-४ मिलिमीटरचं भोक, मग मोठं. दोन थेंब तेल. आणि दाब इतका हवा की भुगा न पडता कातणाची सळसळीत वळी निघाली पाहिजे. स्टेनलेस स्टीलला वेग आणखी निम्मा करा आणि दाब सोडू नका. नुसतं घासत राहिलं तर ते जागेवरच कडक होतं.

चक आवळताना किल्ली एकाच भोकात लावू नका, तिन्ही भोकांत लावून आवळा. पकड सारखी बसते. बिट थरथरत असेल तर आधी ते काचेवर लोळवून बघा, वाकडं आहे का ते कळेल. बिट सरळ असेल तर चकातली घाण साफ करा. तरीही थरथरलं, तरच चकाला दोष द्या.

ग्राइंडर: इथे चालढकल नाही

चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो. १०० मिलिमीटरच्या डिस्कची कड तेव्हा सेकंदाला ५७-५८ मीटर वेगाने जाते, म्हणजे ताशी २०० किलोमीटरच्या वर. त्या वेगाने उडालेला तुकडा आणि तुमचा चेहरा यांच्यामध्ये असतं फक्त गार्ड आणि चष्मा. "अडचण होते" म्हणून गार्ड काढणारा माणूस भला कारागीर असेल, पण तो जुगार खेळतोय.

मशीन स्वस्त चालेल, डिस्क नाही. डिस्कवर छापलेले कमाल फेरे मशीनच्या फेऱ्यांपेक्षा जास्त हवेत. चांगल्या डिस्कच्या मधल्या कड्यावर वापराची मुदतही छापलेली असते, ती बघा. भिजलेली, आपटलेली डिस्क वापरू नका. नवी डिस्क लावली की बाजूला उभं राहून अर्धा मिनिट मोकळी फिरवा, मगच कामाला लावा.

आता मशीन टिकवायचं कसं? मोटर गार करणारा पंखा मोटरच्याच दांड्यावर असतो. तुम्ही अंगाचा जोर लावून रेटलं की फेरे उतरतात, हवा कमी होते आणि करंट मात्र वाढतो. कॉइल जळते ती अशी. म्हणून डिस्कला तिच्या वेगाने कापू द्या. मोठं काम झालं की लगेच बंद करू नका, एक मिनिट मोकळं फिरवा, आतली गरमी बाहेर जाईल. हवेच्या फटी रोज साफ करा, लोखंडी धूळ आत साचली तर शॉर्ट होतं. कार्बन ५-६ मिलिमीटर उरले की जोडी बदला. झिजलेल्या कार्बनची ठिणगी आर्मेचर खाते, आणि मग दुरुस्ती नव्या मशीनच्या भावात जाते.

म्हणूनच विकत घेण्याआधी गावातल्या रिपेअरवाल्याला एकच प्रश्न विचारा: "दादा, याचे कार्बन, स्विच आणि आर्मेचर मिळतात का?" तो "मिळतात" म्हणाला, तर ते स्वस्त मशीन घ्यायला हरकत नाही. त्याने मान हलवली, तर कितीही स्वस्त असलं तरी ते एकदाच वापरायचं मशीन आहे.

पैसे कुठे घालायचे

थोडक्यात हिशेब असा. गुण्या, वर्निअर, पटाशी, रंधा यांत स्वस्त घ्या आणि एक दुपार त्यांच्यावर खर्च करा. ड्रिल आणि ग्राइंडर मधल्या भावाचे, पण सुटे भाग मिळणारे घ्या. डिस्क, चष्मा, वायर, प्लग आणि शिडी यांत काटकसर नको. वीज लागणाऱ्या मशीनवर एकात एक चौकोन असलेली दुहेरी इन्सुलेशनची खूण आहे का ते बघा. नसेल तर अर्थिंगची तिसरी पिन चालू हवी. वर्कशॉपच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्या. हे सगळं तिसऱ्या खात्यातलं आहे. इथली उणीव कानस आणि वॉटर पेपरने भरून निघत नाही.

गिऱ्हाईक हत्यार बघत नाही, काम बघतं. दार बसलं नाही तर "माझा गुण्या स्वस्तातला होता" हे कारण कुणी ऐकून घेत नाही, आणि दिवसाची मजुरी आपल्याच खिशातून जाते. तर या आठवड्यात एवढंच करा: प्लायचा एक तुकडा घ्या, पेन्सिलीला टोक करा आणि दोन रेघा मारा. काय निघालं ते जरूर कळवा.

पुढच्या भागात रंध्याचं पातं आणि त्याची बैठक यावर बोलू. तोवर चष्मा लावा, गार्ड जागेवर ठेवा. भेटूच.