‘गौण’ म्हणवणारा दगड

आमच्या घरात एक पाटा आहे. अम्मीच्या माहेरचा, कोकणातून आलेला. मिक्सर आल्यापासून तो गॅलरीत भिंतीला टेकून उभा असतो. माझ्या लहानपणी वर्षातून दोनदा तरी पाट्याला टाकी लावणारी वडारीण दारावर यायची. उकिडवी बसून ती छिन्नी-हातोडीने पाट्यावर बारीक टिंबं उमटवीत जायची. काम झाले की अम्मी पाट्यावरून बोट फिरवायची आणि म्हणायची, “आले हो, दात आले पाट्याला!” दगडाशी माझी पहिली ओळख झाली ती अशी.

पुढे पुष्कळ वर्षांनी वर्तमानपत्रात तहसीलदारांची एक जाहीर नोटीस वाचत होतो. तिच्यात दोन शब्द होते : ‘गौण खनिज’. मी बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. भूगर्भशास्त्राशी माझा संबंध नाही, पण शब्दापाशी अडखळायची खोड आहे. गौण म्हणजे दुय्यम, ज्याच्यावाचून फारसे अडत नाही असे. कशाला गौण म्हणतात म्हणून शोध घेतला. १९५७ च्या खाणी आणि खनिजांच्या कायद्याने केलेले हे वर्गीकरण. कोळसा, लोखंड, मँगनीज ही प्रमुख खनिजे. इमारतीचा दगड, मुरूम, साधी वाळू, साधी माती ही गौण. म्हणजे अम्मीचा पाटा ज्या दगडाचा, तो काळा दगड गौण! तेव्हापासून हा दगड कुठून आला, त्याच्या पोटात काय आहे, हे जमेल तसे वाचत आलो. त्यातले थोडे आज तुम्हाला सांगायचे आहे.

बोनकोड्यात आमच्या गच्चीवर उभे राहिले की पूर्वेला, ठाणे-बेलापूर रस्त्यापलीकडच्या कारखान्यांच्या मागे, पारसिकचा डोंगर दिसतो. हा डोंगर काळ्या दगडाचा आहे. शास्त्रीय भाषेत बसॉल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पश्चिम भारतात जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा बाहेर आला. शाळेच्या पुस्तकातल्या चित्रासारखा शंकूच्या आकाराचा ज्वालामुखी मुख्यतः नव्हे. कालवा फुटून शिवारात पाणी पसरावे तसा हा तप्त रस पसरत गेला. तो निवला, त्यावर पुन्हा दुसरा थर आला, मग तिसरा. असे थरावर थर चढून सह्याद्री उभा राहिला. या थरांची झीज होऊन पायऱ्या पायऱ्या दिसतात, म्हणून पायरीसाठीच्या एका स्वीडिश शब्दावरून या खडकाला ‘ट्रॅप’ हे नाव पडले. घाटातून जाताना समोरच्या डोंगराकडे नीट पाहा. उभा कडा, मग सपाटी, पुन्हा उभा कडा. त्या पायऱ्या स्वच्छ मोजता येतात.

त्या वेळी आपला भूखंड आजच्या जागी नव्हता. तो विषुववृत्ताच्या दक्षिणेला, हिंदी महासागरात, उत्तरेकडे सरकत चालला होता. ज्या तप्त जागेवरून तो गेला, तिथे आज रियुनियन नावाचे बेट आहे आणि तिथला ज्वालामुखी अजूनही अधूनमधून जागा होतो. आपला सह्याद्री म्हणजे त्याच चुलीवरचा, फार आधी उतरवलेला तवा! डायनॉसोर नाहीसे झाले तेही याच सुमारास. त्यात मेक्सिकोत आदळलेल्या अशनीचा वाटा किती आणि आपल्या लाव्ह्याचा किती, यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालतात.

६ कोटी ६० लाख हा आकडा तोंडाने म्हणता येतो, पण मनात मावत नाही. मी त्याचा असा हिशेब केला. एका वर्षाला एक मिलिमीटर धरा. आजपासून मागे चालू लागलो, तर शिवकाळ दीड वितीवर येतो. अजिंठ्याची सर्वांत जुनी लेणी सव्वादोन मीटरवर. आणि हा दगड जन्मला तो क्षण गाठायला ६६ किलोमीटर चालावे लागते. म्हणजे बोनकोड्याहून जवळजवळ खंडाळ्याचा घाटमाथा!

दोन लाव्ह्यांच्या मध्ये कधी कधी मोठी विश्रांती मिळे. तेवढ्यात तळी साचत, झाडे उगवत, जीव नांदत. मग पुढचा लोंढा येई आणि सारे झाकून टाकी. मुंबईत वरळीच्या खडकांमध्ये अशा एका तळ्याचा गाळ सापडला आणि त्यात इवल्याशा बेडकांचे अवशेष. १८४७ साली रिचर्ड ओवेन या नामांकित शास्त्रज्ञाने त्या बेडकाचे वर्णन केले. मुंबईचा मूळ रहिवासी कोण, यावर आपण तावातावाने बोलतो. त्या बेडकाचा दावा कुणाला खोडता येणार नाही.

आता खनिजांकडे वळू. महाराष्ट्राच्या भूमीच्या पाच भागांपैकी चार भाग या काळ्या दगडाने व्यापले आहेत. ही गोधडी पश्चिमेला फार जाड आहे. कोयनेच्या परिसरात भूकंपाच्या अभ्यासासाठी खोल छिद्रे घेतली, तेव्हा सुमारे सव्वा किलोमीटर बसॉल्ट पार केल्यावर खालचा जुना ग्रॅनाइटी खडक लागला. पूर्वेकडे ती विरळ होत जाते आणि विदर्भाच्या टोकाला संपते. जिथे ती संपते, तिथेच आपली ‘प्रमुख’ खनिजे उघडी पडतात. चंद्रपूर, वणी, उमरेड, कामठी इथला कोळसा हा या दगडाच्या कितीतरी आधीच्या दलदलीतल्या जंगलांचा. नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांतले मँगनीज त्याहून जुने. मनसर, डोंगरी बुजुर्ग, चिखला ही त्या खाणींची गावे. गडचिरोलीच्या सुरजागडचे लोखंड तर दोनशे कोटी वर्षांहून जुने. त्याच डोंगरावर माडिया समाजाचा ठाकूरदेव आहे, तिथे यात्रा भरते. एका कागदावर जे लोहखनिज, दुसऱ्याच्या मनात ते देवस्थान. अशा डोंगराची किंमत कोणत्या वजनकाट्यावर करायची, हा प्रश्न भूगर्भशास्त्राचा उरत नाही.

या लोखंडाची एक जुनी गोष्ट आहे. १८८२ मध्ये जमशेटजी टाटांच्या हाती फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा अहवाल आला. चांदा जिल्ह्यातल्या लोहाऱ्याला उत्तम लोखंड आहे आणि जवळच वरोऱ्याला कोळसा आहे, असे त्यात होते. जमशेटजींनी वरोऱ्याचा कोळसा तपासून घेतला. पोलाद गाळायला तो चालेना. पुढे पंचवीस-एक वर्षांनी कारखाना उभा राहिला तो साकचीला, आजच्या जमशेदपुरात. चांद्याच्या कोळशाचा गुण वेगळा असता, तर हिंदुस्थानची पोलादनगरी कदाचित मराठी मुलखात वसली असती.

गोधडीची दुसरी कड कोकणात. तिथे याच बसॉल्टवर ऊन-पावसाने असे काम केले की त्यातले विरघळणारे सारे वाहून गेले आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहिले. तो आपला जांभा. कोकणातली घरे त्याच्या चिऱ्यांची. ॲल्युमिनियम जिथे जास्त साठले, तिथे बॉक्साइट झाले. कोल्हापूर, रत्नागिरीच्या सड्यांवर ते मिळते. आणि अगदी पश्चिमेला, मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्राखाली, १९७४ मध्ये तेल लागले. ‘बॉम्बे हाय’चे ते तेल आणि वायू नळातून येतो तो आमच्या शेजारच्या उरणला.

मधल्या चार भागांत मग काय आहे? लोक म्हणतात, नुसता दगड. पण विदर्भ-मराठवाड्यातली कापसाची काळी माती ही या दगडाचीच झिजून झालेली. एकसंध आणि घट्ट म्हणून त्यात वेरूळचे कैलास लेणे वरून खाली कोरता आले. लाव्हा निवताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. त्या पोकळ्यांत पुढे पाण्यातून स्फटिक जमले, त्यांना झिओलाइट म्हणतात. पुण्याजवळ वाघोलीला सापडलेला निळाशार कॅव्हन्साइट पाहायला जगभरचे संग्राहक धडपडतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ही सारी दौलत मांडलेली आहे. याच दगडाचा एक दोष मात्र आपल्याला कायम भोवतो. घट्टपणामुळे तो पाणी फार धरत नाही. भेगांत आणि सच्छिद्र थरांत मावेल तेवढेच. जून-जुलैत धो धो पाऊस पडूनही मार्चमध्ये विहिरी तळ गाठतात, त्याचे एक कारण पायाखालीच आहे.

या नुसत्या दगडावर शहरे उभी आहेत. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय कुर्ल्याच्या आणि मालाडच्या दगडाचे. पारसिकच्या डोंगरातून रेल्वेचा सव्वा किलोमीटरहून लांब बोगदा १९१६ मध्ये सुरू झाला, तो याच खडकातून. १९७० मध्ये नव्या मुंबईसाठी सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल, उरणच्या गावांच्या जमिनी गेल्या. खाडीकाठच्या सखल जागांवर भराव पडला. त्यासाठी मुरूम, आणि पुढे सिमेंट काँक्रीटसाठी खडी, डोंगरातून आली. आमच्या भागात वस्ती वाढत होती, तेव्हा तुर्भ्यापासून नेरूळपर्यंत डोंगराच्या कडेने दगडखाणी जोरात होत्या. दुपारी सुरुंग उडाले की लांबूनही पत्ता लागायचा. डबर फोडणाऱ्या माणसांच्या भुवया, पापण्या पांढऱ्या झालेल्या असत. वडार समाजातल्या कितीतरी पिढ्या याच कामात गेल्या. ज्या हातांनी शहराचा पाया रचला, त्यांची मुले खाणीच्या काठावर ताडपत्रीखाली वाढली.

अलीकडची गोष्ट उलव्याची. विमानतळासाठी सुमारे नव्वद मीटर उंचीची टेकडी सुरुंगांनी फोडून सपाट केली, नदीचा प्रवाह वळवला, दहा गावे उठली. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. विमानतळ नको, असे मी म्हणणार नाही. मी स्वतः काँक्रीटच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर राहतो. माझ्याही घरात कुठल्यातरी डोंगराचा तुकडा आहे. पण टेकडी होती, हे तरी लक्षात ठेवायला हवे ना?

बाजारात हा दगड ब्रासवर विकला जातो. शंभर घनफुटांचा एक ब्रास. त्यावर सरकारात स्वामित्वधन भरायचे, पावती घ्यायची. पावतीत डोंगरावरच्या झऱ्याचा हिशेब नसतो, करवंदीच्या जाळीचा नसतो. जंगल तोडले तर पुन्हा लावता तरी येते. दगड पुन्हा उगवत नाही. त्याला घडवणारी ती भेगांची आग आता आपल्या जमिनीखाली नाही, ती हजारो मैल दूर रियुनियनखाली राहून गेली.

करण्यासारखे काहीच नाही, असेही नाही. जुन्या इमारती पाडल्यावर निघणारे डेब्रिज आपण रात्री गुपचूप खाडीकाठी ओततो. ते म्हणजे एकदा फोडलेला डोंगरच. तो पुन्हा दळून रस्त्याच्या खडीत, फरशीच्या ब्लॉकमध्ये वापरता येतो. ते तंत्र उपलब्ध आहे. बंद पडलेल्या खाणींच्या खड्ड्यांत पावसाचे पाणी साठते, ते नीट राखता येते. कापलेल्या कड्यांवर पहिल्या पावसाबरोबर गवत धरते, त्याला चार वर्षे हात न लावणे एवढे तरी आपल्याला जमावे.

कायद्यातला शब्द बदलावा, असे माझे म्हणणे नाही. कायद्याला आपली भाषा असते. पण मुले जेव्हा विचारतात की आपल्या भागात कोणती खनिजे सापडतात, तेव्हा ‘इथे काही नाही, सगळे विदर्भात’ असे उत्तर आपण देतो. ते बरोबर नाही. परवा माझ्या नातीने गॅलरीतल्या पाट्याकडे बोट दाखवून विचारले, “हा किती जुना?” मी म्हटले, “तुझ्या पणजीच्या आईच्या वेळचा.” मग माझे मलाच हसू आले. तिचा हात धरून मी तो पाट्यावरून फिरवला. दात अजून शाबूत आहेत.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)