पिल्लाचे पाय फाकलेत? पिल्लाला दोष देण्याआधी ब्रूडर बघा!



गेल्या पावसाळ्यात एका ताईंचा सकाळी सातलाच फोन आला. बचत गटातून कर्ज घेऊन त्यांनी पहिल्यांदाच शंभर गावरान पिल्लं आणली होती. आवाज रडवेला. "सर, आज चौथा दिवस. नऊ पिल्लं उठतच नाहीत, पाय दोन्ही बाजूंना फाकलेत. हॅचरीवाल्यानं फसवलं का मला?"

"ताई, आणली तेव्हा चालत होती?"

"हो, सगळी पळत होती."

"मग खाली काय अंथरलंय?"

"तुसावर पेपर. एकदम स्वच्छ, रोज बदलते."

झालं, चूक सापडली. कागद गुळगुळीत असतो. पहिल्या आठवड्यात पिल्लाचे सांधे कोवळे असतात. पाय सारखे घसरले की ते बाहेरच्या बाजूला ताणले जातात आणि पिल्लू बसतं ते उठतच नाही. दाणा-पाण्यापर्यंत पोचत नाही आणि शेवटी पायामुळे नाही, तहान-भुकेनं मरतं.

पट्टी कशी बांधायची?

व्हिडिओत दाखवलंय, इथे लिहून देतो. मेडिकलमधून कागदी चिकटपट्टी आणा. तिची बारीक पट्टी कापा. पिल्लू नीट उभं राहिल्यावर दोन पायांत जेवढं अंतर असतं, साधारण एक इंच, तेवढं ठेवून दोन्ही पाय बेडीसारखे जोडा. पट्टी ढोपराच्या सांध्याखाली यायला हवी. घट्ट आवळू नका, बोटं सुजली तर लगेच सोडा. रबर बँड तर अजिबात नको, तो मांसात रुततो.

अशी पिल्लं वेगळ्या खोक्यात ठेवा, पण एकटं पिल्लू ठेवू नका. खाली गोणपाट अंथरा. पाणी उथळ भांड्यात द्या आणि त्यात खडे टाका, नाहीतर पडलेलं पिल्लू पाण्यातच बुडेल. दिवसातून तीन-चार वेळा चोच पाण्याला लावा. रोज पट्टी तपासा. बहुतेक वेळा दोन ते पाच दिवसांत फरक दिसतो. जेवढ्या लवकर बांधाल तेवढा गुण जास्त. आठवडा उलटल्यावर उपयोग कमी होतो.

प्रत्येक लंगडं पिल्लू सारखं नसतं

बोटं आत वळलेली, पिल्लू ढोपरावर चालतंय: बहुतेक वेळा जीवनसत्त्व बी-२ कमी पडलेलं असतं. पशुवैद्यकाला विचारून पाण्यातून व्हिटॅमिन बी द्या. लवकर दिलं तर सुधारतं. उशीर झाला, नसा खराब झाल्या, तर नाही.

ढोपराचा सांधा सुजलेला, पाय बाजूला वळलेला: सांध्यावरचा स्नायूबंध जागेवरून सरकलेला असू शकतो. खाद्यात मँगनीज, कोलीन कमी पडलं की असं होतं. असा पाय सहसा बरा होत नाही.

हाडं मऊ, चोच रबरासारखी वाकते: हा मुडदूस. ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचा मेळ बिघडलाय.

काही आठवड्यांनी एक पाय पुढे, एक मागे: मॅरेक्सची शंका घ्या. यावर औषध नाही. लस पहिल्या दिवशी हॅचरीतच द्यावी लागते. त्यामुळे पिल्लं घेतानाच विचारा, "मॅरेक्सची लस दिलीय का?" आणि ते बिलावर लिहून घ्या.

पहिल्या तीन प्रकारांत एक गोष्ट समान दिसतेय का? खाद्य! नवीन माणूस पैसे वाचवायला पिल्लांना नुसता मका आणि कणी टाकतो. पोट भरतं, पण पाय बनत नाहीत. काहीजण अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य टाकतात. त्यात कॅल्शियम खूप जास्त असतं, तेही पिल्लांना घातक. लहान पिल्लांना चिक स्टार्टरच द्या. बचत करायची तर ती खाद्य सांडू न देण्यात करा.

धंद्याच्या नजरेनं बघा

समजा पिल्लू ४० रुपयांचं. नऊ पिल्लं म्हणजे ३६० रुपये. कोणी म्हणेल, सोडून द्या. पण खरा तोटा ३६० रुपयांचा नाही. कारण सापडलं नाही तर पुढच्या बॅचमध्ये पुन्हा नऊ जातील, त्याच्या पुढच्या बॅचमध्येही. शंभरात एखादं पिल्लू लंगडं निघालं तर तो योगायोग. नऊ निघाली तर तुमच्याच कामात कुठेतरी भोक आहे.

म्हणून एक साधी वही करा. तारीख, पिल्लांचं वय, किती लंगडी, पाय कसा दिसतोय, खाली काय अंथरलं, खाद्य कोणतं, ब्रूडरचं तापमान किती. पहिल्या आठवड्यात साधारण ३५ अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. स्वतः अंडी उबवत असाल तर तापमान ३७.५ अंशांवर स्थिर ठेवा, आणि पिल्लं निघतात त्या ट्रेमध्ये खडबडीत कापड किंवा जाळी टाका. पाय फाकण्याची सुरुवात तिथूनही होते.

आता एक कडू गोष्ट. सगळी पिल्लं वाचत नाहीत. उपचार करूनही जे पिल्लू उभं राहत नाही, खात नाही, त्याला दिवसेंदिवस तडफडत ठेवणं ही दया नव्हे. पशुवैद्यकाला दाखवा आणि निर्णय घ्या. बरं झालेलं लंगडं पिल्लू वाढवा, पण पैदाशीला ठेवू नका आणि दुसऱ्या शेतकऱ्याच्या गळ्यात मारू नका. या धंद्यात नाव एकदाच जातं.

त्या ताईंनी कागद काढून गोणपाट अंथरलं, नऊही पिल्लांना पट्ट्या बांधल्या. सात उभी राहिली, दोन गेली. पुढची बॅच आणली तेव्हा त्यांचा पुन्हा फोन आला. "सर, या वेळी एकही नाही. वहीत तसं लिहिलंय."

तुमच्या पहिल्या बॅचच्या आधी दोनच गोष्टी आणून ठेवा, गोणपाट आणि वही.