रद्दीत न गेलेला खजिना!

शुक्रवारची रात्र. आठवडाभराच्या डेडलाइन्सनी डोक्याचा पार भुगा झालेला. दोस्तमंडळी लोणावळ्याला सटकलेली आणि अस्मादिक घरी, मांडीवर लॅपटॉप घेऊन. म्हटलं, पाच मिनिटं टाइमपास करू. पहाटेचे अडीच कधी वाजले, पत्ताच लागला नाही!

सुरुवात झाली 'फ्रँकेन्स्टाइन'पासून. मेरी शेलीने ही कथा १८१६ साली लिहायला घेतली तेव्हा ती अवघी १८ वर्षांची होती. (त्या वयात आपण जर्नल्स कॉपी करत होतो!) तिच्या हस्तलिखिताच्या वह्या ऑक्सफर्डच्या बॉडलियन लायब्ररीत आहेत आणि २०१३ पासून त्यांची पानं घरबसल्या बघता येतात. मेरीचं अक्षर, त्यावर कवी पर्सी शेलीने केलेल्या दुरुस्त्या, खाडाखोड, सगळं जसंच्या तसं. १८१८ च्या पहिल्या आवृत्तीवर लेखिकेचं नावच नव्हतं. पुस्तक पर्सीचंच असणार, असंही काहींनी ठरवून टाकलं. तिचं नाव आलं ते १८२३ च्या आवृत्तीवर. आज कुठला शब्द कोणाच्या हातचा, हे तुम्ही-आम्हीही पडताळून बघू शकतो. सही ना?

सुलतानाची भन्नाट दुनिया

दुसरा शोध आपल्या मातीतला. बेगम रुकैया यांची 'सुलतानाज ड्रीम' ही इंग्रजी कथा १९०५ मध्ये मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझिन'मध्ये छापून आली. यात बायका देश चालवतात आणि पुरुष घरात पडद्याआड! सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक होतो, लोक हवेतून प्रवास करतात. कथा छोटीशी आहे, फुकट वाचता येते आणि लोकलच्या एका प्रवासात सहज संपते. लेडीज डब्यात वाचलीत तर मजा डबल.

हरवलेली पंचवीस मिनिटं

मग 'मेट्रोपोलिस'. फ्रिट्झ लँगचा हा मूकपट १९२७ चा. बर्लिनमधल्या प्रीमियरनंतर त्याला कात्री लागली आणि कापलेला जवळपास चौथा हिस्सा कायमचा गेला, असंच सगळे धरून चालले होते. २००८ मध्ये तो सापडला कुठे, तर थेट ब्यूनोस आयर्सच्या फिल्म म्युझियममध्ये! १६ एमएमची, ओरखड्यांनी भरलेली प्रिंट. तिच्यातून सुमारे २५ मिनिटं परत मिळाली आणि २०१० मध्ये नवी आवृत्ती बर्लिनमध्ये दाखवली गेली. परत आलेले सीन्स लगेच ओळखू येतात, कारण पडद्यावर रेघांचा नुसता पाऊस पडत असतो. मला तर तेच जास्त आवडले. कोणीतरी ते रीळ फेकून दिलं नाही, एवढ्याच पुण्याईवर ते वाचलेत.

इथे मात्र माझा चेहरा पडला.

कारण आपल्याकडेही असा माल कमी नाही. जयंत नारळीकरांचंच बघा ना. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. स्वतःची आद्याक्षरं चक्क उलटी करून! बक्षीस मिळावं ते कथेला, नावाला नको, म्हणून हा खटाटोप. आणि पहिलं बक्षीस मिळालंही. नारळीकर सर २०२५ मध्ये गेले तेव्हा हा किस्सा पुन्हा आठवला आणि त्या काळचे अंक हातात घेऊन बघावेसे वाटले.

पण आमच्या घरचे जुने दिवाळी अंक? नव्या फ्लॅटमध्ये शिफ्ट होताना मीच ते किलोवर विकले. 'नवल' होता, 'धनंजय' होता. रद्दीवाल्याने काटा धरला आणि मी वर त्याच्याशी भावासाठी घासाघीसही केली!

सकाळी आईला फोन लावला. "माळ्यावर काही उरलंय का गं?"

"एक खोका आहे. उद्याच काढणार होते."

"हात लावू नकोस, मी येतोय!"

तेव्हा या वीकेण्डला मल्टिप्लेक्स कॅन्सल. तुम्हीही एकदा माळ्यावर चढाच. काही सापडलं तर धूळ झटका, कव्हरं आणि अनुक्रमणिका मोबाइलवर टिपून ठेवा. सगळा अंक नेटवर टाकायची घाई मात्र नको. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं कॉपीराइट असतो. पण जपायला कोणाची परवानगी लागत नाही, बॉस!